पातळी

मिरजेच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं
ते रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी.
म्हणून नऊची गोळी, नऊची सुई,
आणि सकाळची गोळी पर्समध्ये, कागदाच्या पुडीत,
सुई झाल्यावर घ्यायची.

रिपोर्टवर एकच आकडा. शून्य पूर्णांक सात.
धनपाल तो मोठ्यानं वाचतो,
आयर्विन पुलाची पातळी वाचतो तशा आवाजात.
चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका,
हे आमच्या गल्लीत पोरांनाही पाठ.
माझे आकडे फक्त आम्हा दोघांना.

पहिल्या डॉक्टरांना मी नुसती कोरडी दिसले.
एप्रिलात घाटाखाली नदी हटते
आणि चिखलात दिसायला लागतं काय काय,
कुणाची चप्पल, तसबिरीची काच,
तशी मी तीन महिने पलंगावर.
त्यांनी उदासीची गोळी दिली. एकटी तीच.
त्यांचं तरी काय चुकलं?
दोन वर्षांमागं एका रात्रीत
मी चौदा साड्यांना फॉल लावले होते,
हे मी बोललेच नाही.
आपल्या आनंदाची तक्रार कोण घेऊन जातं दवाखान्यात?

बाराव्या दिवशी मी बरी झाले.
विसाव्या दिवशी जरा जास्तच.
पहाटे तीनला मार्केट यार्डात,
बंद सौद्याच्या ओट्यावर उभी राहून
नसलेल्या हळदीला भाव पुकारत होते.
वॉचमन म्हणे ऐकत बसला होता, भाव चांगला होता म्हणून.
पाटल्या मोडून अठ्ठावीस छत्र्या आणल्या.
सगळ्या जांभळ्या.

मग उपाध्ये बाई.
त्यांनी आधी मागचं सगळं विचारलं, साड्यांपर्यंत.
म्हणाल्या, चढ आणि उतार एकाच घाटातले,
नुसता उतार बघून गाडी हाकली की असं होतं.
मग स्थळं सांगावीत तशी औषधं सांगितली,
प्रत्येकाची खोड आधीच उघड करून.
ही झोप घेऊन येईल, पण भूकही आणेल.
ही फार सावकाश चढवायची,
पंधरा दिवस पंचवीस, मग पन्नास, घाई नाही,
अंगावर पुरळ दिसलं तर थांबवून लगेच मला फोन.
ही पोटभर जेवणाबरोबरच, उपाशी पोटी वाया जाते.
आणि हे जुनं मीठ. गुणी आहे,
पण पाणी मागतं, मोजणी मागतं,
थायरॉइड, किडनी, सगळ्यांची हजेरी घेतं.
"यातलं कुठलं?" धनपालनं विचारलं.
"तिला विचारा. नांदायचं तिला आहे."

झोपेवालीबरोबर सात महिने नांदले.
उठून बसले, हसलेही एकदोनदा,
पण नऊ किलो वाढले, एकही झंपर होईना.
मग मीठ, आणि जोडीला ती सावकाश चढणारी.
कुठल्या दिवशी बरं वाटलं ते सांगता येणार नाही.
एकदा भेंडी चिरताना लक्षात आलं
की मी भेंडीच चिरतेय, दुसरं काही नाही.

दशलक्षण आलं.
लग्नापासून शेवटच्या दिवशी माझा निर्जळ उपवास असे, सासूबाईंबरोबर.
बाई म्हणाल्या, पाणी तोडायचं नाही,
अंगातलं पाणी उतरलं की मीठ चढतं.
सासूबाई ऐकून गप्प.
गोळ्यांनी धर्म बुडतो असं त्या मागं म्हणाल्या होत्या,
मला नाही, भिंतीला.
चतुर्दशीच्या दुपारी
त्यांचेच ओठ फुटलेले,
माझ्यापुढं तांब्याभांडं ठेवलं, पदर सावरला
आणि दाराकडं तोंड करून बसल्या.
"पी. मी बघत न्हाई."

आज नदी एकोणीस फुटांवर.
हात थोडा कापतो, चहा बशीत सांडतो,
बशीतूनच पिते.
कधीकधी त्या पहाटेचा भाव आठवतो,
इतका भाव मला परत कुणी दिला नाही,
हेही खरंच आहे, लिहून ठेवते.

छत्र्या तेवीस उरल्यात.
आभाळ भरलं की शेजारची मंदाकिनी येते,
एक दे गं म्हणते, आणि दर वेळी विचारते,
एवढ्या कशा काय तुमच्यात?
मी म्हणते,
पुराच्या वर्षी घेतल्या.